चूक कोणाची?

काही वर्षांपूर्वी मी धाराशिव जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक होतो. आमच्या शाळेच्या अंगणात पिण्याच्या पाण्याची एक नवी टाकी बांधण्यात आली होती. टाकी चांगली भक्कम होती. तिला बाहेरून निळा रंग दिलेला होता आणि पितळेची एक चकचकीत तोटीही बसविलेली होती. दोष एवढाच होता की, ही तोटी जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर होती. तिच्याखाली पेला मावे, तांब्याही कसाबसा मावे; परंतु वर्गातील माठ भरण्यासाठी मुली जी घागर आणीत, ती काही केल्या तिच्याखाली उभी राहत नसे. मग घागर आडवी करावयाची, तिचे तोंड तोटीला लावावयाचे, अर्धी भरली की उचलावयाची आणि उरलेली तांब्याने भरावयाची, असा उद्योग रोज चाले. पाणी सांडे, चिखल होई आणि चिखल झाला म्हणून मुलींना बोलणी बसत.

मीही एकदा बोललो. सातवीतील एका मुलीला मी म्हणालो, "जरा नीट भरता येत नाही का? किती पाणी वाया घालवतेस!" ती मान खाली घालून म्हणाली, "गुरुजी, घागर उभीच राहत नाही, तर नीट भरू कशी?"

मी वाकून पाहिले. त्या टाकीजवळून मी दिवसातून दहा वेळा जात असे. पण घागर हातात घेऊन एकदाही गेलो नव्हतो. ज्याने ती तोटी बसविली, त्यानेही तिच्याखाली कधी घागर ठेवून पाहिली नसावी.

मुलांनो, अशा वस्तू तुमच्याही पाहण्यात असतील. वर्गाच्या भिंतीवर विजेची आठ बटणे एका ओळीत असतात. पंखा लावावयाचा असतो. पण पंख्याचे बटण कोणते, हे बटणांकडे पाहून कळत नाही. म्हणून आपण एकामागून एक सारी दाबून पाहतो. दिवे लागतात, विझतात आणि सर्वांत शेवटी पंखा फिरू लागतो. एखादे दार ढकलावयाचे असते. परंतु त्याला मूठ अशी बसविलेली असते की, हात आपोआप ओढावयास जातो. छापील अर्जावर गाव, पोस्ट, तालुका आणि जिल्हा लिहिण्यासाठी दोन बोटे जागा ठेविलेली असते, आणि खाली 'कार्यालयीन उपयोगासाठी' म्हणून अर्धे पान कोरे सोडलेले असते. हल्ली असे अर्ज मोबाइलवर भरतात. तेथे अर्धा तास खपून भरलेला मजकूर एका चुकीसरशी नाहीसा होतो, आणि चूक कोणती झाली ते सांगावयास तेथे कोणी नसते.

यांतील प्रत्येक त्रास लहान आहे. त्याने कोणाचे घर बुडत नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दार उघडेनासे झाले की माणूस दाराला दोष देत नाही. तो इकडेतिकडे पाहतो, ओशाळतो आणि 'आपल्यालाच कळले नाही' असे म्हणतो. आणि जवळ उभा असलेला मनुष्यही बहुधा तेच म्हणतो.

पूर्वीच्या खेड्यात वस्तू करणारा आणि वस्तू वापरणारा यांच्यात फार अंतर नसे. खुरप्याचा वाक कमी पडला आणि निंदताना मनगट दुखू लागले, की ती तक्रार त्याच आठवड्यात लोहाराच्या कानी जाई. लोहार खुरपे पुन्हा भात्यावर तापवी आणि दोन ठोके घालून वाक वाढवून देई. पुढचे खुरपे घडविताना ते मनगट त्याच्या ध्यानात असे. अशी शेकडो मनगटे ध्यानात ठेवून आजचे खुरपे झाले आहे. जुने ते सारे सोने होते, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. कठडा नसलेले आड होते, आणि त्यांत माणसे पडत. पहाटे उठून जाते ओढणाऱ्या बायकांना कोणी विचारले असते, तर त्यांनी जात्याविषयी काय सांगितले असते, हे ओव्यांवरून पुरते कळत नाही! तथापि, तक्रार पोहोचण्याची वाट जवळची होती, एवढे खरे.

ही वाट लांबली म्हणजे काय होते, याची एक हकिकत सांगतो. आमच्या तोटीने अंगणात चिखल केला, एवढेच. परंतु तशाच अविचाराने एके काळी हजारो गावांचे पाणी अडले होते. तुम्ही रोज पाहता त्या हापशाची ही हकिकत आहे, आणि तिचा महत्त्वाचा भाग आपल्या शेजारीच घडला आहे.

आपला जिल्हा बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. येथे मातीच्या थराखाली काळा कठीण खडक आहे. या खडकात पाणी राहते ते त्याच्या भेगांमध्ये आणि झिजून भुसभुशीत झालेल्या थरांमध्ये. पाऊस चुकला की वरचे पाणी आटते आणि तीस-चाळीस फुटांच्या विहिरी कोरड्या पडतात. १९७२ साली मराठवाड्यात आणि सोलापूरकडे मोठा दुष्काळ पडला, तेव्हा असेच झाले. त्या सुमारास दाबलेल्या हवेच्या जोराने खडक फोडीत जाणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. ही यंत्रे थोड्या वेळात शे-दोनशे फूट खोल भोक पाडीत. त्यालाच विंधन विहीर म्हणतात. लोक सोयीसाठी 'बोअर' म्हणतात.

विंधन विहीर फार तर वीतभर रुंद असते. तिच्यात पोहरा सोडता येत नाही आणि माणसाला उतरता येत नाही. म्हणून तिच्या तोंडावर हातपंप बसवावा लागतो. या पंपाची रचना अशी असते : जमिनीत खोल, पाण्यामध्ये, एक नळकांडे असते, त्यात दट्ट्या खालीवर होतो. दट्ट्याला जोडलेली लोखंडी सळई वरपर्यंत आलेली असते आणि तिचे वरचे टोक दांड्याला अडकविलेले असते. दांडा खाली दाबला की सळई वर येते, आणि दट्ट्या आपल्या डोक्यावरील पाणी नळातून वर ढकलतो. दांडा वर गेला की दट्ट्या खाली जातो आणि नळकांड्यातील पाणी झडपेतून त्याच्या वर येते. म्हणजे पंप हेच त्या विहिरीचे तोंड. पंप मोडला की खाली कितीही पाणी असो, विहीर मिटली.

आणि पंप मोडत होते. पुष्कळ मोडत होते. युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने १९७४ च्या सुमारास भारतातील हातपंपांची स्थिती पाहिली, तेव्हा चारांपैकी सुमारे तीन पंप बंद असल्याचे आढळले. पंप बंद पडला की बायका पुन्हा ओढ्यातील झिरा उकरावयास जात, किंवा पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत उतरत. त्या काळी पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्याबरोबर नारूचा रोग पसरे. हा रोग झालेल्या माणसाच्या पायातून हातभर लांबीचा कृमी बाहेर येई, आणि ऐन पेरणीच्या दिवसांत माणूस महिना-महिना अंथरुणाला खिळून राही. २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले. म्हणून तुम्ही तो पाहिलेला नाही. तुमच्या आजीला विचारा.

पंप का मोडतात, या प्रश्नाचे एक उत्तर तयारच होते : गावचे लोक अडाणी, त्यांना यंत्र नीट वापरता येत नाही, मुले दांड्याला लोंबकळतात. मुले लोंबकळत, ही गोष्ट खरी होती. परंतु ते पंप मुळात कोठून आले, हे पाहिले म्हणजे निराळेच उत्तर मिळते. ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते. युरोप-अमेरिकेतील शेतकऱ्याच्या अंगणात जो पंप असे, त्याची ती नक्कल होती. तेथे एक कुटुंब दिवसातून काही वेळा तो चालवी. आपल्याकडे तोच पंप गावाच्या मध्यभागी बसविला गेला.

आता थोडे गणित करू. समजा, एका वस्तीत पन्नास घरे आहेत आणि प्रत्येक घरी रोज पंधरा लिटरांच्या सहा घागरी पाणी लागते. एका घागरीला सुमारे पन्नास वेळा दांडा मारावा लागतो, असे धरू. एका घराचे काम तीनशे वेळा दांडा मारून भागते. पन्नास घरांसाठी तो रोज पंधरा हजार वेळा मारावा लागेल. म्हणजे एका कुटुंबाच्या पंपाला जे काम वर्षभर पुरावयाचे, ते वस्तीच्या पंपाला अवघ्या आठवड्यात उरकावे लागते! अशा पंपाच्या खिळा झिजल्या, भोके रुंद झाली, दांडा डुगडुगू लागला आणि शेवटी ठिसूळ बीड तडकले, यात नवल ते काय? पंप गावकऱ्यांनी मोडला, असे म्हणण्यापेक्षा पंधरा हजारांचा हिशेब कोणी केला नव्हता, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

हा हिशेब प्रथम ध्यानात आला तो दूरच्या कारखानदारांच्या नव्हे. जालना आणि सोलापूर येथे विंधन विहिरी खोदण्याचे काम काही संस्था करीत होत्या. मोडलेला पंप पाहण्याची पाळी त्यांच्यावरच येई. त्यामुळे नेमके काय झिजते, हे त्यांना रोज दिसे. त्यांच्या कार्यशाळांत पोलादाचे नवे पंप तयार होऊ लागले. त्यांना 'जालना पंप', 'सोलापूर पंप' अशी नावे पडली. यांतील सोलापूर पंपाची युक्ती समजून घेण्यासारखी आहे.

दांडा आपल्या आसाभोवती फिरतो. म्हणून त्याचे टोक सरळ रेषेत न जाता कमानीत जाते. सळई मात्र नळातून सरळ उभी जावयास हवी. बिडाच्या पंपात ही सळई खिळीने दांड्याला जोडलेली असे. त्यामुळे दांड्याच्या प्रत्येक हेलकाव्याला ती थोडी पुढे, थोडी मागे ओढली जाई आणि खीळ घासत राही. सोलापूर पंपात दांड्याच्या टोकाला कमानीच्या आकाराची एक पट्टी बसविली होती, आणि तिच्यावरून सायकलच्या साखळीसारखी एक मजबूत साखळी खाली सोडून तिला सळई टांगली होती. रहाटाचे चाक कितीही फिरले, तरी पोहऱ्याचा दोर विहिरीत सरळच उतरतो, हे तुम्ही पाहिले असेल. येथेही तसेच होते. कमान वर-खाली झाली तरी साखळी तिच्या कडेवरून एकाच उभ्या रेषेत लोंबते, आणि सळई सरळ ये-जा करते. शिवाय घासणाऱ्या अनेक खिळांच्या जागी एकच आस ठेविला होता, आणि तोही छर्ऱ्यांच्या बंद बेअरिंगवर फिरणारा. त्याला गावात कोणी रोज तेल घालावे, अशी अपेक्षाच नव्हती. मला ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते. 'तेल घालीत जा' अशी पाटी लावणे सोपे होते.

सोलापूर पंपाचा हा गाभा घेऊन, भारत सरकार, युनिसेफ, मद्रास येथील यांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी कारखाना यांनी मिळून एक नवा पंप तयार केला. १९७५ ते १९७७ या काळात त्याचे नमुने तमिळनाडूतील कोइमतूरजवळच्या खेड्यांत बसवून पाहण्यात आले. पाणी खोल आणि घागरींची रांग लांब, अशा ठिकाणी तो तपासला गेला. तोटी बसविली पण घागर ठेवून पाहिली नाही, असे येथे झाले नाही. त्यानंतर तो मोठ्या प्रमाणावर होऊ लागला, आणि १९७९ साली त्याचे भारतीय मानक ठरविण्यात आले. त्याचे नाव 'इंडिया मार्क दोन'. तुमच्या गावच्या चौकातील हापसा बहुधा हाच. पुढे तो आशिया आणि आफ्रिका खंडांतील अनेक देशांत गेला.

उद्या हापशावर जाल तेव्हा त्याच्याकडे नीट पाहा. दांडा भरीव पोलादाचा आणि चांगला जड आहे. तो उगीच जड केलेला नाही. जमिनीखाली लोंबणाऱ्या सळईचे वजन दुसऱ्या बाजूने तोलून धरण्यासाठी तो तसा आहे. आसापासून हाताकडील बाजू साखळीकडील बाजूच्या सुमारे आठपट लांब आहे. म्हणून शंभर फुटांवरचे पाणी तुमच्यासारख्या मुलालाही काढता येते. मिनिटात चाळीस वेळा दांडा मारला, तर सुमारे बारा लिटर पाणी येते. पंपाचे पाय काँक्रीटच्या कट्ट्यात रोवलेले असतात. त्यामुळे सांडलेले पाणी पुन्हा विहिरीत न झिरपता नालीने बाहेर जाते. निदान जावे, अशी योजना आहे. नाली उकरलेली असली पाहिजे.

मग सारे बरे झाले का? पुष्कळ झाले, पण एक गोष्ट राहून गेली होती. दट्ट्याला पाणी धरून ठेवणाऱ्या वाट्या असतात. पूर्वी त्या चामड्याच्या असत. त्या कालांतराने झिजतातच. मार्क दोनमध्ये ही लहानशी वाटी बदलावयाची तर सळया आणि त्यांच्या बाहेरचा जड नळ, दोन्ही तुकड्यातुकड्यांनी उपसून वर काढावे लागत. त्यासाठी उचलण्याचे साहित्य, पाच-सहा माणसे आणि तालुक्याहून येणारी गाडी लागे. गाडी येईपर्यंत पंप बंद. पंप वापरणाऱ्याचा विचार नीट झाला होता. दुरुस्त करणाऱ्याचा कमी पडला होता. म्हणून पुढे नळ अधिक रुंद करून 'मार्क तीन' हा पंप काढण्यात आला. त्यात नळ जागच्या जागी ठेवून केवळ सळई ओढली की दट्ट्या वर येतो. हे काम गावातील दोन-तीन माणसे करू शकतात. चामड्याच्या वाटीऐवजी टिकाऊ रबराची वाटीही आली. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात १९९० नंतरच्या काळात खेड्यांतील स्त्रियांनी हातपंप-दुरुस्तीचे शिक्षण घेतले आणि पाने हातात घेऊन हे काम केले. पंप बंद पडला की डोक्यावर घागर घेऊन दूर जावे लागे ते त्यांनाच. तेव्हा दुरुस्तीची घाई त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार?

पंपाचे सांगितले, घराविषयीही थोडे सांगतो. घर हीसुद्धा वापरावयाचीच वस्तू आहे, आणि तिच्यात चुकले तर तोटीसारखे चार दिवसांत बदलता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांची धूळधाण झाली. सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. तेथील घरे म्हणजे माळवदे होती. मातीत बसविलेल्या दगडांच्या हात-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचे जड छप्पर. उन्हाळ्यात ती थंड राहत; भूकंपात मात्र तेच दगड आणि तीच माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. जे घर राहावयास इतके सोयीचे, ते इतके घातक असू शकते, हे विसरता येत नाही.

त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. नवी घरे भूकंप सोसतील अशी बांधली गेली, आणि ते फार मोठे काम होते. परंतु अनेक ठिकाणी गावाची आखणी शहरातल्या वसाहतीसारखी झाली : सरळ रुंद रस्ते, एकसारख्या घरांच्या रांगा. शेतकऱ्याला बैल बांधावयास जागा लागते, कडबा रचावयास लागते, चूल पेटवावयास लागते, पाहुण्याला टेकावयास ओसरी लागते. जुन्या वाड्याच्या भिंतीआड ही सारी जागा असे. नव्या रांगेत ती कोठे? मग लोकांनी आपापल्या परीने ती केली. कोणी पत्र्याचा गोठा घातला, कोणी घराबाहेर चूल मांडली, कोणी अंगणाभोवती भिंत उभारली. पुढे तेथे अभ्यासासाठी गेलेल्यांनी हे बदल पाहून नोंदविले आहेत. मला वाटते, त्या वाढीव गोठ्यांकडे आणि चुलींकडे पाहणाऱ्याला, घर बांधण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावयास हवे होते, याची यादीच तेथे मिळेल.

आमच्या शाळेतील टाकीचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. त्या मुलीचे म्हणणे मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातले. गावातील एका नळ-कारागिराला बोलाविले. त्याने जुनी तोटी काढली, भोक बुजविले आणि हातभर वर नवी तोटी बसविली. या वेळी त्याला पाणी सुरू करण्यापूर्वी शाळेतील सर्वांत मोठी घागर खाली ठेवून पाहावयास आम्ही सांगितले. घागर उभी राहिली. मुलींनी माठ भरले. अंगण कोरडे राहिले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत पहिलीतील एक मुलगा टाकीपाशी टाचा उंच करून उभा असलेला मला दिसला. त्याच्या हातात पेला होता आणि तोटीची चावी त्याच्या बोटांना चार बोटे कमी पडत होती. त्या सातवीतल्या मुलीनेही ते पाहिले. तिने दोन मैत्रिणींना हाक मारली, कुंपणाजवळचा एक सपाट दगड तिघींनी लोटीत आणला आणि घागरीची जागा सोडून थोडा बाजूला बसविला. मुलगा त्यावर चढला, पाणी प्याला आणि पेला तसाच ठेवून खेळावयास पळाला.